किल्ली एक, संगणक तीन

अँटिव्हायरसच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'तीन संगणकांसाठी' असं छापलेलं असतं. खोकं उघडलं की आत प्रॉडक्ट की मात्र एकच निघते. बाकीच्या दोन कुठे गेल्या, हा पहिला प्रश्न. तीच किल्ली तिन्हीकडे टाकायची हे कळलं की दुसरा प्रश्न येतो: मग चौथ्या संगणकावर का चालत नाही? आणि कधीकधी तिसऱ्यावरही का चालत नाही?

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचं एक घर धरू. मुलगी दहावीला, तिच्यासाठी जुना डेस्कटॉप. मुलगा परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो, त्याच्याकडे लॅपटॉप. वडिलांची आडत, तिथे बिलं आणि हिशेबासाठी तिसरा संगणक. खोकं आणलं, डेस्कटॉपवर किल्ली चालली, लॅपटॉपवर चालली. मध्ये डेस्कटॉपचा मदरबोर्ड जळाला, तो बदलून पुन्हा अँटिव्हायरस टाकला, तेव्हाही चालली. आडतीच्या संगणकावर मात्र पडद्यावर संदेश आला की या किल्लीची मर्यादा संपली. पैसे तीन संगणकांचे भरले आणि चालतं दोनच संगणकांवर, अशी घरात ओरड सुरू होते. दुकानदाराने वापरलेली किल्ली दिली, असा संशयही लगेच घेतला जातो.

बहुतेक वेळा दुकानदाराचा दोष नसतो. घोटाळा एका समजुतीत आहे. आपण किल्ली विकत घेतली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण कंपनीच्या वहीतल्या तीन नोंदी विकत घेतलेल्या असतात. खरेदीखत हातात असलं तरी सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत माणसाची कामं अडतात. पीककर्ज मिळत नाही, विमा भरता येत नाही. किल्ली हे खरेदीखत आणि ॲक्टिव्हेशन हा फेरफार. वरच्या घरात तिन्ही फेरफार झालेच होते: एक लॅपटॉपचा, एक जुन्या बोर्डाच्या डेस्कटॉपचा आणि एक नव्या बोर्डाच्या.

पंचवीस अक्षरांत काय असतं

किल्ली म्हणजे दिसायला नुसतं अक्षरांचं भेंडोळं. पण ते कसंही जुळवलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टची विंडोजची नेहमीची किल्ली पाहा: पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण २५ अक्षरं. विंडोज ७ पर्यंतच्या किल्ल्यांमध्ये इंग्रजीतली फक्त १७ अक्षरं आणि ७ आकडे वापरले जात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर वगळले, त्यामुळे चुकून एखादा वावगा शब्द तयार होण्याची भीती गेली. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस अशा फसव्या जोड्याही काढून टाकल्या. जुन्या विंडोजच्या स्टिकरवर 'हे शून्य आहे की ओ?' असा वाद घालत बसलेल्या माणसासाठी उत्तर सोपं होतं: दोन्ही नाहीत. ते क्यू किंवा डी असणार.

चोवीस चिन्हांतून २५ जागा भरायच्या म्हणजे ३ च्या पुढे ३४ शून्यं लिहावीत इतक्या शक्यता होतात. त्यातल्या अगदी थोड्या खऱ्या असतात. किल्लीमध्ये उत्पादन कोणतं, किल्लीचा अनुक्रमांक काय, ही माहिती गुंफलेली असते आणि तिच्यासोबत कंपनीची एक छोटी डिजिटल सहीही असते. ही सही खरी आहे का, हे तपासायचं साधन प्रोग्रॅममध्ये आधीच ठेवलेलं असतं. सही करायचं साधन मात्र फक्त कंपनीकडे. म्हणून एक अक्षर चुकलं तरी इंटरनेट नसताना संगणक लगेच सांगतो की किल्ली चुकीची आहे.

पण हीच किल्ली काल दुसऱ्या कोणी वापरली का, हे त्याला एकट्याला कळू शकत नाही. किल्लीवर खरेपणा लिहिलेला असतो, मोजणी लिहिलेली नसते. मोजायला बाहेर कुणीतरी बसलेलं लागतं.

मोजणारा नव्हता तेव्हा

मोजणाऱ्याशिवाय नकला रोखायचा एक उपाय महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसोबत एक हार्डवेअर लॉक येई. त्याला सगळे डोंगल म्हणत. आधी तो प्रिंटरच्या पोर्टला लागे, पुढे यूएसबीला. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं छापणाऱ्या दुकानांत सॉफ्टवेअर कितीही संगणकांवर टाकलं तरी चालायचं त्याच संगणकावर, ज्याला डोंगल लावलेलं आहे. ही किल्ली शब्दशः हातात धरता येई. तिची वाटणी करायची तर वेळेची करावी लागे: सकाळी तुझ्या यंत्रावर, दुपारी माझ्या. हरवली तर मात्र काम ठप्प.

घरगुती सॉफ्टवेअरला असं लॉक देणं परवडणारं नव्हतं. म्हणून तिथे बरीच वर्षं फक्त कागदावरची किल्ली होती आणि ती एकाने दहाजणांना दिली तरी कुणाला पत्ता लागत नसे. अशा किल्लीचं काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण विंडोज एक्सपीचं. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलं, पण त्याच्या काही आठवडे आधीच मोठ्या कंपन्यांसाठी असलेली एक किल्ली बाहेर फुटली. त्या प्रकारच्या प्रतीला ॲक्टिव्हेशन लागत नसे. 'एफसीकेजीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होणारी ती किल्ली जगभर इतकी फिरली की संगणक दुरुस्त करणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला काळ्या यादीत टाकलं. सीमा नसलेली वाटणी शेवटी अशीच संपते.

दूरची वही

त्याच २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीच्या साध्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशन सक्तीचं झालं. त्यामागची रीत आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थोड्याफार फरकाने तीच आहे.

किल्ली टाकली की प्रोग्रॅम आधी संगणकाची ओळख तयार करतो. एक्सपी त्यासाठी दहा गोष्टी पाही: प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅमचं प्रमाण, डिस्प्ले कार्ड, सीडी ड्राइव्ह वगैरे. या प्रत्येकाची सबंध माहिती न पाठवता तिचा गणिती अर्क काढला जाई. अर्कावरून मूळ वस्तू ओळखता येत नाही, पण तीच वस्तू पुन्हा आली तर तोच अर्क निघतो. किल्लीचा क्रमांक आणि हा अर्क मिळून एक क्रमांक बने. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जाई. इंटरनेट नसलेल्यांसाठी फोनची सोय होती: एक्सपीचा ५० आकडी क्रमांक पलीकडच्या माणसाला वाचून दाखवायचा आणि त्याने सांगितलेले ४२ आकडे न चुकता टंकायचे.

सर्व्हर वहीत तीन गोष्टी पाहतो. ही किल्ली खरी आहे का आणि बंद केलेली नाही ना? हे यंत्र तिच्या नावावर आधीच नोंदलेलं आहे का? नसेल, तर किती जागा उरल्या आहेत? जागा असेल तर यंत्राची नोंद होते आणि त्या यंत्रापुरता, कंपनीच्या सहीचा एक परवाना परत येतो. तो संगणकात जपून ठेवला जातो. ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर चालत नाही, कारण तिच्यात पहिल्या यंत्राचा अर्क गुंफलेला आहे.

एवढं लक्षात घेतलं की नेहमीचे बरेच अनुभव उलगडतात. त्याच संगणकाला फॉरमॅट मारून पुन्हा किल्ली टाकली तर जुनीच नोंद सापडते आणि सहसा नवी जागा खर्च होत नाही. रॅम वाढवली किंवा एखादा भाग बदलला तरी चालतं, कारण थोडा फरक माफ केलेला असतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र सर्व्हरला ते बऱ्याचदा नवंच यंत्र वाटतं. विजेच्या झटक्याने किंवा वीज पडून बोर्ड जळणं आपल्याकडे पावसाळ्यात नवीन नाही. त्या दुरुस्तीचा खर्च बिलात दिसतो. वहीतली एक जागा गेली हे बिलात दिसत नाही.

पुण्याचं खोकं

महाराष्ट्रात सामान्य माणसाने कायदेशीर किल्ली पहिल्यांदा हातात धरली ती बहुधा अँटिव्हायरसचीच. विंडोज संगणकासोबतच यायचं, ऑफिस कुणीतरी 'टाकून द्यायचं'. अँटिव्हायरसला मात्र रोज नवी माहिती लागते आणि ती खऱ्या किल्लीशिवाय मिळत नाही, म्हणून ते विकत घेतलं गेलं. या बाजारात मराठी नाव मोठं आहे. कैलाश काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्तीचं काम केलं, १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा सुळसुळाट दिसे. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील घडलं. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

हे उत्पादन दुरुस्तीच्या दुकानात जन्मलं आणि दुरुस्तीच्या दुकानांतूनच पसरलं. एक, दोन, तीन, पाच, दहा संगणकांचे पॅक तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. नोंदणी करताना नाव, मोबाइल, ईमेल यांच्यासोबत 'कुठून घेतलं' हेही विचारलं जातं. आणि इथेच गावाकडे सगळ्यात जास्त होणारी गडबड घडते. ग्राहकाचा ईमेल चटकन आठवत नाही, ओटीपीसाठी थांबायला वेळ नसतो, मग दुकानातला मुलगा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून मोकळा होतो. त्यात लबाडी नसते, घाई असते. पण वर्षभराने रिन्यू करताना, किल्ली हरवल्यावर किंवा जुन्या यंत्राची नोंद काढून टाकायची वेळ आल्यावर कंपनी ज्याच्या नावावर नोंद त्यालाच विचारते. तोवर मुलाने नोकरी बदललेली असते.

घर म्हणजे कोण

'घरातल्या सगळ्या संगणकांसाठी' म्हणताना घर कशाला म्हणायचं, यावर कंपन्यांनीही डोकं चालवलं आहे. ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्सचा फॅमिली पॅक काढला: एका घरातल्या पाच मॅकसाठी. त्यात किल्लीच नव्हती, मोजणीही नव्हती, सगळा भरवसा. करारात मात्र व्याख्या होती: एकाच राहत्या जागेत राहणारी माणसं, आणि घरचाच पण शिक्षणासाठी महाविद्यालयाच्या आवारात राहणारा विद्यार्थीही त्यातच. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये अमेरिकेत विंडोज ७ चा फॅमिली पॅक १४९.९९ डॉलरला आणला. एकच किल्ली तीन संगणकांवर चाले. ऑफिस होम अँड स्टुडंट २००७ सुद्धा एका घरातल्या तीन संगणकांवर टाकायची मुभा होती. २०१३ च्या आवृत्तीत ती एकावर आली आणि तिथून घराघरांना वर्गणीच्या योजनेकडे वळवणं सुरू झालं.

आपली जनगणना घर ओळखते ते चुलीवरून: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी ती एका कुटुंबाची. ताडकळसच्या त्या घरात तीन भाऊ एकत्र राहत असतील तर या मापाने ते, त्यांची बायकापोरं आणि आई-वडील हे एकच कुटुंब, आणि परभणीला खोली करून राहणारा मुलगा स्वतःच्या चुलीवरचा. ॲपलच्या व्याख्येत भाऊ बसतील. मुलगा वसतिगृहात असेल तर बसेल, खोली करून राहिला तर वाद घालावा लागेल. सर्व्हरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला यंत्रं दिसतात. तीन भावांच्या तीन यंत्रांना तो हरकत घेत नाही, आणि एकट्या माणसाच्या चौथ्या यंत्राला घेतो.

एक भेद मात्र करार स्पष्ट करतो आणि आपल्याकडे तोच पुसट असतो: घर आणि धंदा. मायक्रोसॉफ्टच्या घरगुती ऑफिसची अट व्यापारी वापर नको अशी आहे. पुढे दुकान, मागे घर असलेल्या वाड्यात ही रेघ कुठे ओढायची? वापर पाहून ओढायची. मुलीचा प्रकल्प टंकला जातो तो संगणक घरचा. शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघतात किंवा सातबाऱ्याच्या प्रती पैसे घेऊन दिल्या जातात तो धंद्याचा, मग तो त्याच ओसरीवर का असेना. धंद्याच्या सॉफ्टवेअरची रीत निराळी असते. टॅलीत एका यंत्राचा सिल्व्हर आणि एकाच लॅनवरच्या कितीही संगणकांचा गोल्ड असे परवाने मिळतात, आणि संगणक बदलताना आधी लायसन्स 'सरेंडर' करावं लागतं. हिशेबनीस हे न चुकता करतात. घरगुती पॅकच्या बाबतीत तीच शिस्त कुणी पाळत नाही.

स्वस्त किल्लीचा मोह

काही हजारांचं सॉफ्टवेअर काहीशे रुपयांत 'ओरिजिनल किल्ली'सह मिळतं तेव्हा ती बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून सुटलेली असते. घाऊक परवान्याचे दोन प्रकार आहेत. एकात ठरावीक संख्येपर्यंत ॲक्टिव्हेशन होतात. संस्थेच्या किंवा कंपनीच्या लक्षात आलं की ती किल्ली बंद होते. दुसऱ्यात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, विंडोजसाठी निदान २५ संगणक जोडलेले लागतात आणि दिलेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. सहा महिन्यांनी अचानक पडद्यावर तगादा सुरू झाला तर कारण इथे शोधावं.

कायदाही गप्प नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रॅमची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच दंड करू शकतं. म्हणजे घर आणि धंदा हा भेद इथेही आहेच.

किल्लीकडून खात्याकडे

गेल्या दहा-बारा वर्षांत किल्ली हळूहळू मागे पडली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपनीकडून तयार आलेल्या लॅपटॉपची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. म्हणून खाली स्टिकर दिसत नाही, आणि फॉरमॅट केल्यावर विंडोजची तीच आवृत्ती टाकली तर ती विचारलीही जात नाही. ती त्या लॅपटॉपचीच राहते, भावाच्या डेस्कटॉपला देता येत नाही.

ऑफिसचं घरगुती रूप आज मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली आहे. २०२० पर्यंत त्याला ऑफिस ३६५ होम म्हणत. यात सहा माणसं बसतात, आणि प्रत्येकाला एकाच वेळी पाच उपकरणांवर वापरता येतं. दुकानातून कार्ड आणलं तर त्यावरही २५ अक्षरांची किल्ली असते, पण ती एकदाच टाकायची असते. ज्याच्या खात्यात ती टाकली तो वर्गणीचा मालक. त्याने बाकीच्या पाचजणांना निमंत्रण पाठवायचं आणि प्रत्येकाने आपापल्या खात्याने आत यायचं. जुन्या सवयीने दुसऱ्याने तीच किल्ली टाकली की 'आधीच वापरली आहे' असं उत्तर येतं. किल्ली खराब नसते. खातं हीच आता किल्ली झालेली असते. तेव्हा दहावीतल्या मुलीच्या हौसेच्या खात्यात कार्ड टाकण्याआधी पुढची पाच वर्षं पासवर्ड कोण सांभाळणार, याचा विचार करावा.

अडलं तर

ॲक्टिव्हेशन होईना तर आधी संगणकाची तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सुरक्षित जोडणी होत नाही, कारण सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मालाच आलेलं नसतं. थोड्या रुपयांच्या सेलने प्रश्न सुटतो आणि लोक मात्र किल्ली बदलून मागायला जातात.

संगणक विकताना, कुणाला देताना किंवा बोर्ड बदलायला देताना, तो सुरू होत असेल तोवर, सॉफ्टवेअरमधून डीॲक्टिव्हेट करा. यंत्र मेलं असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला बिल दाखवून जुनी नोंद काढायला सांगता येतं. त्यासाठी बिल हवं, म्हणून किल्लीच्या कार्डासोबत बिलाचा फोटो ठेवावा. तिन्ही संगणकांवर पॅक एकाच आठवड्यात टाकावा. बऱ्याच पॅकची मुदत पहिल्या ॲक्टिव्हेशनपासून सगळ्यांना एकच धरली जाते. तिसरा संगणक सहा महिन्यांनी जोडला तर त्याच्या वाट्याला अर्धंच वर्ष येतं.

आणि मुळात पॅक हवाच का, हेही विचारून घ्यावं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस सोबतच येतो, त्याला किल्ली नाही. पत्रं, तक्ते, प्रकल्प एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस कितीही संगणकांवर फुकट आणि कायदेशीर टाकता येतं, मराठी युनिकोडसह. पैसे द्यायचेच ठरले तर मात्र खोक्यावर किती संगणक लिहिलेत हे नंतर वाचावं. नोंद कोणाच्या मोबाइलवर होणार आहे, हे दुकानात उभं असतानाच ठरवावं.